सुचित्राचा अमेरिकन

८ जून २०२५, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. बोटींवर इंजिन रूममध्ये एकवीस वर्षं लॉगबुक लिहिलं, त्यामुळे सवय आहे. दुसरं काही कारण नाही. इराने कुठल्या तरी काउन्सेलरचा नंबर पाठवला होता. मुलगी आहे, काळजी करणारच. तिला कळवलं की मी व्यवस्थित आहे. सुचित्राला जाऊन आठ महिने झाले. मी डबा करतो, तुआसच्या शिपयार्डात वेळेवर पोहोचतो, परत येतो. यात काउन्सेलर काय सुधारणार?

संकल्प: रोज चालणे. कपाट आवरणे. इराला दर बुधवारी फोन.

संध्याकाळी ६.००

चाललो नाही. ऊन होतं, मग पाऊस. कपाट उघडलं. खालच्या खणात साड्या असतील असं वाटलं होतं. फायली निघाल्या. अमेरिकन सापडला.

९ जून, सोमवार. सकाळी ६.२५, MRT

हौगांगहून तुआसला, म्हणजे सिंगापूरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, दीड तास लागतो. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली. फाइल बरोबर घेतली आहे, वेळ जावा म्हणून.

हा अमेरिकन माणूस १९५०च्या सुमारास न्यूयॉर्कला प्रेमाची विनोदी नाटकं लिहायचा. एकूण नऊ. प्रत्येकात एक बाई, एक पुरुष, एक घोटाळा आणि तिसऱ्या अंकात लग्न. सुचित्राला कॉलेजात असताना पुण्यात रद्दीवाल्याकडे त्याचं एक पुस्तक मिळालं, तेव्हापासून हा आमच्याकडे आहे. मी चार-चार महिने बोटीवर असायचो तेव्हा घरात हाच असायचा. नाव मुद्दाम लिहीत नाही. इतकं महत्त्व द्यायची गरज नाही.

फायलीत त्या वेळच्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं आहेत. तिने लायब्ररीत बसून झेरॉक्स केलेली. पहिल्या नाटकावर सगळे खूश. पाचव्यापासून बोलणी खायला सुरुवात. एकाने लिहिलंय की हे नाटक म्हणजे जेवणानंतरचं आइस्क्रीम, फक्त जेवण कुणी वाढलंच नाही. सुचित्राने समासात लिहिलंय, ‘मेल्या, आइस्क्रीम तरी कुणी दिलंय तुला?’

माझं मत टीकाकारासारखंच आहे. माणूस वरवरचा वाटतो.

वाचता वाचता दोन स्टेशनं पुढे गेलो. परत यावं लागलं. ११ मिनिटं उशीर.

१५ जून, रविवार. दुपारी ३.००

फादर्स डे. इरा यिशुनच्या तिच्या फ्लॅटवरून केक घेऊन आली. जावई कामानिमित्त जकार्ताला. छान गप्पा झाल्या. म्हणजे ती बोलत होती. घरी आलं की आईच्या चपला दिसत नाहीत, मग कसंतरी होतं, असं काही तरी. हॉलमधला पंखा खरखरत होता म्हणून मी शिडी लावली. बेअरिंगच होतं. मला पहिल्या दिवसापासून शंका होती. खाली उतरलो तर ती भांडी घासत होती. म्हणाली, never mind lah, Baba.

पंखा आता एकदम शांत.

१६ जून, सोमवार. MRT

फायलीत मुख्य वस्तू वेगळीच आहे. सुचित्राने अमेरिकनचं एक नाटक मराठीत केलं आहे. वहीत, निळ्या शाईने, तीन अंक. मला माहीत होतं. ती जेवताना वाचून दाखवायची. मी नेहमी प्रोत्साहन दिलं. छान आहे म्हणायचो.

गोष्ट अशी. एजंटच्या चुकीने एकाच खोलीची किल्ली दोन भाडेकरूंना मिळते, एक बाई आणि एक पुरुष. मूळ नाटकात ते न्यूयॉर्कला आहेत. सुचित्राने सगळं आमच्या हौगांगच्या HDB, म्हणजे सरकारी फ्लॅटच्या, ब्लॉकमध्ये आणलं. बाई शिक्षिका केली, ते ठीक. पण मूळचा पुरुष पियानो सुरात लावून देणारा आहे, त्याला हिने मरीन इंजिनिअर का केलं कळत नाही. आणि केला तो असा! बाई मनातलं काही सांगायला लागली की हा उठून नळाचा वॉशर बघतो. कुणी रडलं तर विचारतो, पंखा लावू का. असा माणूस कुठे असतो? अतिशयोक्ती फार झाली. बहुधा यार्डातला आमचा प्रकाश तिच्या डोळ्यासमोर असावा.

तरीही नाटक वाया जाऊ नये. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत करता येईल.

२२ जून, रविवार. रात्री ८.००

शुभदाला भेटलो. ती मंडळाचं सांस्कृतिक बघते, सुचित्राची मैत्रीण. म्हणाली, भावोजी, तुम्ही? नाटक? तुम्ही तर सुचित्राच्या वाचनालासुद्धा दोन खुर्च्या आणून ठेवायचात आणि निघून जायचात. सांगितलं, चार खुर्च्या. आणि निघून जात नव्हतो, खाली पार्किंगमध्ये थांबत होतो.

तिने वही चाळली. मग म्हणाली, करू या. ३० ऑगस्ट, शनिवार. दिग्दर्शन कोण करणार? मी म्हटलं, मी. त्यात काय अवघड आहे? बोट ड्राय डॉकमधून बाहेर काढायला तीनशे माणसं लागतात, ती मी हाताळली आहेत. इथे दोन.

रात्री एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं. तिन्ही अंक, नऊ रविवार. १७ ऑगस्टला सर्व काम पूर्ण, त्यानंतर फक्त ट्रायल.

२४ जून, मंगळवार. MRT

महत्त्वाचा हिशोब. एका परीक्षणात लिहिलंय की या नाटकाला पहिल्या प्रयोगात एकसष्ट हशे मिळाले. टीकाकाराने मोजले होते. (उपहासाने लिहिलंय, पण आकडा तो आकडा.) थिएटर नऊशे लोकांचं. आपल्या हॉलमध्ये एकशे ऐंशी खुर्च्या. म्हणजे पाचवा भाग. एकसष्ट भागिले पाच, बारा पूर्णांक दोन. तेरा हशे मिळाले की आपण न्यूयॉर्कच्या पुढे.

यार्डातून हातातला काउंटर आणला, कंटेनर मोजायचा. प्रत्येक हशाला एकदा दाबायचा. त्या दिवशी हे काम इराकडे देणार.

२९ जून, रविवार. दुपारी १.३०

पहिली तालीम, कम्युनिटी क्लबच्या खोलीत. इंजिनिअर: प्रबोध, बँकेच्या आयटीत आहे, पुण्याचा. शिक्षिका: अनुजा. दोघं हुशार आहेत. फक्त शिस्त नाही. दोन मिनिटं उशिरा आले.

जिथे हशा अपेक्षित आहे तिथे चार सेकंद थांबायला सांगितलं. मी स्टॉपवॉच धरून होतो. अनुजाने विचारलं, काका, कुणी हसलंच नाही तर ते चार सेकंद आम्ही काय करायचं? म्हटलं, हसतील. न्यूयॉर्कला हसले. प्रबोध म्हणाला, काका, तिथे सत्तर वर्षांपूर्वी हसले. आता त्यातले बरेचसे नसतील.

विनोद बरा होता. पण स्क्रिप्टमध्ये नाही.

२ जुलै, बुधवार

इराला फोन करायचा दिवस. केला नाही, तिची मीटिंग असेल.

खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवलो. राइसवाली आंटी रोज विचारते, today one only ah? रोज सांगतो, yes, one. आठ महिने झाले तरी तिच्या लक्षात राहत नाही. वय झालं असेल.

६ जुलै, रविवार

तालमीत तिसरा अंक उघडला. अडचण.

शेवटच्या प्रवेशात शिक्षिका बॅग भरून निघालेली असते. तिला दुसरी खोली मिळालेली आहे. दारात उभी राहून ती म्हणते, ‘मी निघाले. तुम्हाला काही बोलायचंय?’ त्याखाली सुचित्राने लिहिलंय, ‘इथे तो बोलतो.’ त्याखाली कोरं. अर्धं पान आणि पुढचं पूर्ण पान. तिसऱ्या पानावर शिक्षिका म्हणते, ‘एवढंच ऐकायचं होतं,’ आणि बॅग खाली ठेवते. समाप्त.

मूळ अमेरिकन पुस्तकात इथे तीन पानी भाषण आहे. सुचित्राने ते घेतलेलं नाही. विसरली असेल. प्रबोधने विचारलं, काका, मग मी काय बोलू? म्हटलं, पुढच्या रविवारी मिळेल. तासाभराचं काम आहे.

११ जुलै, शुक्रवार. MRT

अमेरिकनचं भाषण जसंच्या तसं मराठीत उतरवलं. नदीवरचा चंद्र, पुलावरचे दिवे, आणि ‘तुझ्याविना हे शहर म्हणजे न लावलेला पियानो’. वाचून बरं वाटलं. भाषेवर आपली पकड आहे, इतकी वर्षं कल्पना नव्हती.

१३ जुलै, रविवार

प्रबोध ‘न लावलेला पियानो’पर्यंत गेला आणि अनुजा हसायला लागली. मग तोही. मी काउंटर दाबला नाही, कारण तो हशा चुकीच्या जागी होता. अनुजा डोळे पुसत म्हणाली, सॉरी काका, पण हा इंजिनिअर असं बोलेल का? अडीच अंक ज्याने ‘हं’ म्हटलंय, तो एकदम चंद्रावर?

मुद्दा बरोबर आहे. चंद्र रद्द. स्वतंत्र लिहावं लागेल. तासाभराचं काम.

२० जुलै, रविवार

मसुदा दोन. इंजिनिअरच्या स्वभावाप्रमाणे नेमकं लिहिलं:

(अ) आपल्यासह एका खोलीत राहणे अपेक्षेपेक्षा सोयीचे ठरले. (ब) आपण नसताना आपली अनुपस्थिती जाणवते. (क) सध्याची व्यवस्था कायम ठेवावी असे सुचवतो.

अनुजा म्हणाली, काका, माझ्या मॅनेजरने पाठवल्यासारखं वाटतंय. प्रबोध म्हणाला, छे, माझा मॅनेजर ‘ब’ कधीच लिहिणार नाही.

शुभदा खोलीच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, भावोजी, मी लिहू का? दहा ओळींचं तर काम. मी जरा जोरात नाही म्हटलं. मग म्हटलं, तुम्हाला आधीच गणपतीची इतकी कामं आहेत.

तिने एक वाईट बातमी दिली. कार्यक्रम भरगच्च आहे. लहान मुलांचे नाच, पाककृती स्पर्धेचं बक्षीस, पाहुण्यांचं भाषण. तीन अंक शक्य नाहीत. पंचवीस मिनिटं मिळतील, आरतीनंतर आणि जेवणाआधी. लोक उपाशी असतील भावोजी, ताणू नका.

म्हणजे फक्त तिसरा अंक. एका अर्थी बरंच झालं. सगळी शक्ती एका जागी लागेल. एक्सेल बदललं. हशांचं लक्ष्य एकतृतीयांश: चार पूर्णांक शून्य सात. पाच धरू.

२५ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी ७.००

चॅटबॉटला विचारलं. त्याने लगेच दीड पान दिलं. ‘तू माझ्या हृदयाच्या सागरातील दीपस्तंभ आहेस.’ दीपस्तंभ सागरात नसतो, खडकावर असतो. आणि तो जवळ येऊ नका हे सांगण्यासाठी असतो. एवढं माहीत नसलेल्या यंत्राचा सल्ला घेण्यात अर्थ नाही.

२७ जुलै, रविवार. संध्याकाळी ५.३०

आज एक आठवलं, नोंदवून ठेवतो. पान कोरं राहण्यात माझी चूक नाही.

दीड-दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जेवत होतो. वांग्याची भाजी होती. सुचित्रा वही घेऊन समोर बसली होती. तिने विचारलं, अहो, इथे तो काय बोलेल? मी म्हटलं, कोण? म्हणाली, हा इंजिनिअर. ती चाललीय. याला ती थांबायला हवीय. काय बोलेल? मी म्हटलं, ते तू बघ, तुझं नाटक आहे. तिने पुन्हा विचारलं, पण तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, भाजीत मीठ जरा कमी आहे.

म्हणजे मी तिच्या कामात कधीही ढवळाढवळ केली नाही. पूर्ण मोकळीक दिली.

ती मीठ आणायला उठली. परत येऊन वही मिटली. त्यानंतर तिने ते नाटक मला वाचून दाखवलं नाही. पुढे हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या, त्यामुळे वेळही नसेल.

३ ऑगस्ट, रविवार

तालीम नाही. प्रबोधला सर्दी. हे एका परीने उत्तम, कारण भाषण तयार नव्हतं.

मसुदा चार आणि पाच फाडले.

९ ऑगस्ट, शनिवार. नॅशनल डे

सुट्टी. सकाळपासून फक्त भाषणावर बसायचं ठरवलं.

९.०० टेबल पुसलं. ९.२० पेनात शाई नाही, खाली जाऊन दोन पेनं आणली. १०.०० ‘तुम्ही गेलात तर’ एवढं लिहिलं. ११.३० वाजता वाचलं. बरोबर वाटलं. पुढे काय ते सुचलं नाही. दुपारी विमानांचा आवाज आला, गॅलरीत गेलो. समोरच्या ब्लॉकमधली सगळी कुटुंबं कॉरिडॉरमध्ये येऊन वर बघत होती. लाल-पांढरे कपडे. मीही वर बघितलं. आमच्या बाजूला ढग होते.

५.०० पुन्हा बसलो. ‘तुम्ही गेलात तर’ खोडलं. कारण ती गेलेली नाही, दारात आहे. तांत्रिक चूक.

अमेरिकनबद्दल मत बदलतंय. तीन पानं या विषयावर सलग बोलायची म्हणजे काय काम आहे हे त्या टीकाकारांनी कधी करून बघितलं होतं का? फायलीतलं शेवटचं कात्रण त्याच्या निधनाचं आहे. लिहिलंय की शेवटची वीस वर्षं त्याची नाटकं कुणी लावली नाहीत आणि तो एकटाच राहत होता. म्हणजे भाषणं येऊनही.

१७ ऑगस्ट, रविवार

वेळापत्रकाप्रमाणे आज सर्व काम पूर्ण व्हायचं होतं.

शुभदाने सगळ्यांसमोर सांगितलं, भावोजी, गुरुवारपर्यंत भाषण आलं नाही तर त्या वेळात अंताक्षरी घेते. मला पाहुण्यांसमोर मुलांना ताटकळत नाही ठेवायचं. प्रबोध म्हणाला, ताई, मी काही तरी मारून नेतो. मी म्हटलं, मारून न्यायचं नाही. मग अनुजा हळूच म्हणाली, काका, काकूंना तुम्ही काय म्हणाला असता, तेच लिहा ना.

मी सांगितलं की त्याचा इथे काही संबंध नाही. हे नाटक आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शुभदाला मेसेज केला: भाषण तयार आहे.

तांत्रिकदृष्ट्या मसुदा सात तयार होण्याच्या स्थितीत आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी १२.४०, यार्ड कँटीन

प्रबोधचा फोन. बँकेची सिस्टिम शनिवारीच बदलताहेत. संध्याकाळी चारपासून कुणालाही जागेवरून हलता येणार नाही. काका, मी पाया पडतो, पण नोकरी गेली तर इथे राहायचा पासही जाईल. त्याला म्हटलं, हरकत नाही, सेफ्टी फर्स्ट.

शुभदाला कळवलं. ती दोन सेकंदसुद्धा थांबली नाही. म्हणाली, मग तुम्हीच उभे राहा. तुम्हाला त्यात काही करावं लागणार नाही. बरोबर आहे. स्टॉपवॉच धरून धरून सगळे संवाद पाठ झालेत.

प्रकाश समोर जेवत होता. त्याला सांगितलं की मी शनिवारी एका घुम्या, अरसिक इंजिनिअरचं काम करणार आहे. तो म्हणाला, सर, मेकअप काय आहे?

३० ऑगस्ट, शनिवार. सकाळी ९.००

आज प्रयोग. मसुदा सात खिशात. सहा ओळी. चांगला आहे. पहिली ओळ फार चांगली नाही आणि शेवटच्या दोन बदलायच्या आहेत. मधल्या तीन ठीक.

इरा पाच वाजता परस्पर हॉलवर येणार. काउंटर तिच्यासाठी पिशवीत ठेवला.

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळी ८.३०

प्रयोगाचा अहवाल.

आरती लांबली. पाहुणे बोलत राहिले. आम्हाला पंचवीसची सतरा मिनिटं मिळाली. मागे बटाटेवडे तळायला घेतले होते, त्याचा वास स्टेजपर्यंत येत होता. प्रेक्षक अंदाजे दीडशे. निम्मे ताटांच्या दिशेने बसलेले.

सुरुवात ठीक झाली. मी ‘हं’ म्हणायचं तिथे ‘हं’ म्हटलं. लोक हसले. मी चार सेकंद थांबलो. ते पुन्हा हसले. हे अनपेक्षित होतं. पुढे मी जे काही करत होतो त्याला हसत होते. नळ बघायला उठलो, हसले. पुढच्या रांगेत सुचित्राच्या चार मैत्रिणी होत्या. त्या एकमेकींना कोपरं मारत होत्या आणि त्यातली एक डोळ्याला पदर लावून होती. कांद्याचा धूर असेल.

मग शेवटचा प्रवेश. अनुजा बॅग घेऊन दारात. म्हणाली, मी निघाले. तुम्हाला काही बोलायचंय?

मी खिशात हात घातला. कागद होता. काढायचा नाही असं तिथल्या तिथे ठरवलं, कारण कागद बघून बोलणं वाईट दिसतं. पाठ होतंच. पहिली ओळ आठवत होती. दुसरीही आठवत होती. अनुजाने बॅग या हातातून त्या हातात घेतली. सुचित्राची साडी तिने नेसली होती, आम्हीच दिली होती, जांभळी. मी विसरलो होतो की ती साडी दारात उभी राहिल्यावर कशी दिसते.

किती वेळ गेला माहीत नाही. स्टॉपवॉच टेबलावर होतं. मागून एक जण हसला, मग पुष्कळ जण. मग कुणीच हसेना. मोठी कढई ठेवल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, छत्री घेतलीत का?

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. मसुदा सातमध्येही नव्हतं. अनुजाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, एवढंच ऐकायचं होतं. बॅग ठेवली. पडदा. टाळ्या पुष्कळ, पण लगेच जेवण असल्यामुळे अचूक मोजता येत नाहीत.

दिग्दर्शक म्हणून मी तो बदल ऐन वेळी केला. भाषण असतं तर प्रयोग लांबला असता.

शुभदा विंगेत आली. भावोजी, सुचित्रा असती ना तर, एवढंच म्हणाली. मी खुर्च्या आवरायला गेलो. एकशे ऐंशीपैकी एकशे अठ्ठ्याहत्तर रचून ठेवल्या. दोन सापडल्या नाहीत.

इराकडे काउंटर मागितला. शून्य. तिने एकदाही दाबला नव्हता. म्हणाली, sorry, Baba, I forgot lah. I was watching.

त्यामुळे न्यूयॉर्कशी तुलना करता येत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार. MRT

प्रतिसाद. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभदाने फोटो टाकला. सत्तावीस अंगठे, चार फुलं. एकाने लिहिलं, ‘काकांचं टायमिंग जबरदस्त.’ दुसऱ्याने, ‘असे विनोदी कलाकार मंडळात लपलेले होते!’ तिसऱ्या मेसेजपासून निळ्या झाकणाचा डबा कुणाकडे गेला याची चर्चा सुरू झाली. ती अजून चालू आहे.

न्यूयॉर्कला निदान आठवडाभर लिहायचे.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ८.००

इरा जेवायला येणार आहे. आज तिच्याशी बोलायचं ठरवलं. नाटकाचं नाही, एकूण. मुद्दे काढले:

१. आईने हॉस्पिटलमध्ये शेवटी तुझी चौकशी केली होती. मी तेव्हा सांगायचं राहून गेलं.
२. वांग्याच्या भाजीत मीठ बरोबर होतं.
३. तू फोन करत जा. मी करायला हवा, पण तू करत जा.

दुसरा मुद्दा तिला कळणार नाही, थोडं समजावून सांगावं लागेल. एकूण वीस मिनिटं. जेवणानंतर.

संध्याकाळी ६.४५

इरा येऊन गेली. वरण-भात, बटाट्याची भाजी. तिने दोनदा भाजी घेतली.

जेवणानंतर तिने स्वतःच विषय काढला. टेबलावर कोपर ठेवून म्हणाली, Baba, on stage that time, what were you supposed to say? मी म्हटलं, वहीत काही नव्हतं. ती म्हणाली, ya, I know, Shubhada maushi told me. But you, what did you want to say?

ती थांबली. घाईत नव्हती. फोनसुद्धा उलटा ठेवला होता.

मी विचारलं, तुमच्या फ्लॅटचा एअरकॉन सर्व्हिस करून घेतला का? सहा महिन्यांनी करावा लागतो.

तिने फोन सुलटा केला. मग म्हणाली, done already lah, Baba.

साडेपाचला निघाली. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. लिफ्ट यायला वेळ लागला, तेवढ्यात एक मुद्दा होऊ शकला असता. तिने मला मिठी मारली. मी म्हटलं, MRTत थंडी असते, जॅकेट घाल. दार बंद झालं. वरचे आकडे बघत उभा राहिलो. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, कुणी चढलं असेल. मग एकपर्यंत गेली.

भेट एकूण चांगली झाली. पुढच्या रविवारी तिला काम आहे. त्याच्या पुढच्या रविवारचं विचारायला हवं होतं.